मुंग्या येणारा हात आणि दिवसांचा हिशेब

सन २०२२ च्या ३० जुलै रोजी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सांगलीचे वेटलिफ्टर श्री. संकेत महादेव सरगर यांनी ५५ किलो वजनगटात रौप्यपदक मिळविले. त्या स्पर्धेतील ते भारताचे पहिले पदक. स्नॅच प्रकारात ११३ किलो आणि क्लीन अँड जर्क प्रकारात १३५ किलो अशी त्यांची एकूण २४८ किलोंची बेरीज झाली. सुवर्णपदक मिळविणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूची बेरीज २४९ होती. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात श्री. सरगर यांच्या उजव्या कोपराला इजा झाली होती, तरीही ते तिसऱ्या प्रयत्नासाठी मंचावर आले. पुढे त्या कोपरावर इंग्लंडमध्ये शस्त्रक्रिया करण्यात आली. सांगलीत पानाची टपरी चालविणाऱ्या कुटुंबातील या तरुणाचे यश आपल्या भागातील घराघरांत पाहिले गेले आणि त्यांचे ते दुखावलेले कोपरही पाहिले गेले.

त्यानंतर सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या व्यायामपटू तरुणांच्या तोंडी कोपराचा विषय वरचेवर येऊ लागला. श्री. सरगर यांची इजा मज्जातंतूची होती असे आम्हास सुचवावयाचे नाही. परंतु कोपराच्या ज्या सांध्यावर वेटलिफ्टरचा सारा भार तोलला जातो, त्याच सांध्याला चिकटून हाताचा एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो, आणि त्याची तक्रार घेऊन येणारे तरुण बहुधा उशिरा येतात. हा उशीर कोठे होतो, त्याची किंमत काय पडते, आणि त्यात आमच्या स्वतःच्या कार्यालयाचा वाटा किती होता, हे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर मांडणे आम्हास आवश्यक वाटते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. शरीरशास्त्र आम्हास येथील डॉक्टर मंडळींनी केसपेपरच्या निमित्ताने थोडेथोडे शिकविले. त्यामुळे पुढील विवेचनात हिशेबाची भाषा अधिक आल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सातारा जिल्ह्यातील एका गावचा एक तरुण आपल्या वडिलांसह आमच्याकडे आला. वेटलिफ्टिंगच्या निवड चाचणीची तयारी चालू होती. डाव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत होत्या. प्रारंभी फक्त सरावानंतर, पुढे रात्री झोपेत, आणि नंतर दिवसभर. सात महिने हे चालले होते. मधल्या काळात कोणी जीवनसत्त्वाची इंजेक्शने घेण्यास सांगितले, कोणी तेल चोळण्यास. घरी त्याने फारसे बोलून दाखविले नव्हते, कारण बोलल्यास सराव बंद होईल ही भीती. वडील आमच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "साहेब, पोराचा हात दुखत तर नाही. नुसत्या मुंग्या येतात. त्याला एवढ्या तपासण्या कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे आणि तो अनेकांचा आहे. दुखत नाही ते गंभीर नाही, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. मज्जातंतूच्या बाबतीत तो खरा नाही. मुंग्या येतात तोवर तंतू तक्रार करण्याइतका तरी जागा असतो. मुंग्या थांबून बोट बधिर झाले की रुग्णास बरे वाटू लागते, आणि डॉक्टरांची चिंता मात्र तेथूनच वाढते.

कोणत्या बोटाला मुंग्या येतात

डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि रुग्णाने घरूनच याचे उत्तर नीट पाहून यावे अशी आमची विनंती आहे. मानेच्या मणक्यांतून निघालेले पाच मज्जातंतू खांद्यापाशी एकमेकांत गुंफले जातात आणि त्या जाळ्यातून हाताचे तीन मुख्य तंतू तयार होतात. त्यांपैकी मिडियन हा तंतू मनगटाच्या अरुंद बोगद्यातून पंज्यात शिरतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू ही त्याची हद्द. रात्री हात झटकून जाग येते ती बहुधा याच्या तक्रारीमुळे. रेडियल हा तंतू दंडाच्या हाडाला वळसा घालून पाठीमागून उतरतो. तो दबला तर मनगट वर उचलता येत नाही, पंजा लोंबतो. तिसरा अल्नर. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू त्याच्या ताब्यात असते. वेटलिफ्टरच्या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा याचीच.

दाराच्या चौकटीवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत जी सणक जाते, ती या अल्नर तंतूची. कोपराच्या आतल्या बाजूस, हाडाच्या उंचवट्यामागील खोबणीत, तो जवळजवळ कातडीखालीच असतो. कोपर सरळ असता तो सैल राहतो. कोपर पूर्ण वाकविले की तो ताणला जातो आणि त्याच्यावरील आवरणही आवळते. आता क्लीन अँड जर्कचा विचार करावा. पहिल्या टप्प्यात दांडी खांद्यावर घेताना कोपर पूर्ण वाकलेले असते, मनगट मागे मुडपलेले असते आणि वर शंभराहून अधिक किलोंचा भार असतो. पुढच्या क्षणी तेच कोपर झटक्याने सरळ होते. एका सरावात हे कित्येकदा, आणि असे सराव वर्षानुवर्षे. स्नॅचमध्ये दांडी रुंद पकडून डोक्यावर स्थिर करताना कोपराची आतली बाजू ताणली जाते. बेंच प्रेस करणाऱ्यांच्या बाबतीत दांडी तळहाताच्या करंगळीकडील टाचेवर रेलली तर हाच तंतू मनगटापाशी दबतो. त्या जागेला १८६१ साली तिचे वर्णन करणाऱ्या ग्वियाँ या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव आहे. मनगटाला आवळून बांधलेले पट्टे त्यात भर घालतात. आणि एवढे करून हा तरुण रात्री हात उशीखाली मुडपून झोपतो, किंवा कोपर वाकवून तासभर मोबाइल कानाला लावतो. तंतूला दिवसभरात विसावा असा मिळतच नाही.

जागा ओळखण्यासाठी डॉक्टर काय करतात ते आम्ही अनेकदा दारातून पाहिले आहे. कोपरामागे बोटाने हलकेच टिचकी मारतात. करंगळीत झिणझिणी उठली तर तंतू तेथे चिडलेला आहे असे समजतात. ही खूण फ्रान्सच्या टिनेल यांनी १९१५ साली, पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक तपासताना नोंदविली. त्याच वर्षी फ्रोमेंट यांनी दुसरी खूण सांगितली, तिला एक कागद पुरतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या बाजूंमध्ये कागद घट्ट धरावयास सांगून डॉक्टर तो ओढतात. अल्नर तंतूचे स्नायू दुबळे झाले असतील तर अंगठ्याचे टोक आपोआप वाकते आणि तरीही कागद सुटतो. शंभर किलो डोक्यावर धरणाऱ्या त्या तरुणाच्या चिमटीतून आमच्याच कार्यालयातील कोरा कागद सहज निसटला. वडिलांनी तो पाहिला आणि त्यानंतर तपासणीविषयी त्यांनी काही विचारले नाही.

दिवसाला एक मिलिमीटर

मज्जातंतूची इजा तीन प्रतींची असते, ही मांडणी सेडन या इंग्रज शल्यविशारदांनी १९४३ साली केली व ती आजही वापरात आहे. पहिल्या प्रतीत तंतूवरील वेष्टण तेवढे दबते, आतील तार शाबूत असते. दाब निघाला की काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत हात पूर्ववत होतो. दुसऱ्या प्रतीत आतील तार तुटते, पण तिची नळी टिकून असते. तार त्या नळीतून पुन्हा वाढते, मात्र फार सावकाश, सरासरी दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. तिसऱ्या प्रतीत सारेच तुटते, आणि शस्त्रक्रियेवाचून आशा नसते. वेटलिफ्टरची तक्रार सहसा पहिल्या प्रतीत सुरू होते आणि दुर्लक्ष झाले तर दुसऱ्या प्रतीकडे सरकते.

आता हिशेब करावा. कोपरापासून पंज्यातील लहान स्नायूंपर्यंतचे अंतर सुमारे पंचवीस ते तीस सेंटिमीटर भरते. म्हणजे २५० ते ३०० मिलिमीटर, म्हणजे तितकेच दिवस, म्हणजे वर्षाला थोडेच कमी. दुसऱ्या बाजूस, तंतूवाचून राहिलेला स्नायू कायम वाट पाहत नाही. साधारण दीड वर्षानंतर तो परत कामी येण्याची शक्यता फारच थोडी उरते. दीड वर्ष ही मुदत, आणि त्यातले दहा महिने नुसत्या प्रवासाचे. तेव्हा निर्णय घेण्यासाठी हाती राहतात ते थोडे महिने. बँकेच्या कर्जाला मुदतवाढ मिळते, येथे ती मिळत नाही.

यापुढील मजकूर लिहिताना आम्हास संकोच वाटतो, परंतु अहवालात केवळ जमेची बाजू लिहिण्याची प्रथा आम्हास मान्य नाही. त्या तरुणास मज्जातंतूंची विद्युत् तपासणी सांगण्यात आली होती. हिच्यात त्वचेवरून सौम्य विजेचा धक्का देऊन तंतूतून संदेश किती वेगाने जातो व कोठे अडतो हे यंत्रावर मोजतात. सवलतीसाठी वडिलांनी अर्ज केला. आमच्या तेव्हाच्या नियमानुसार उत्पन्नाचा दाखला जोडल्याशिवाय सवलतीच्या तपासणीची तारीख दिली जात नसे. दाखला मिळावयास दिवस गेले, नंतर अर्ज आमच्याच टेबलावर सहीसाठी थांबला, आणि नंतर तपासणीच्या ठरलेल्या वाराची वाट पाहावी लागली. एकूण २६ दिवस. कोणी हेतुपुरस्सर काही केले नाही, प्रत्येक कागद नियमाप्रमाणेच फिरला. अस्थिरोग विभागातील डॉक्टरांनी आम्हास एवढेच विचारले, "या २६ दिवसांचे मिलिमीटर किती होतात?" ते एका इंचाहून थोडे अधिक होतात.

त्यानंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने नियम बदलण्यात आला. हाताची पकड कमी झाली आहे किंवा स्नायू सुकत आहे अशी नोंद डॉक्टरांनी केसपेपरवर केली की तपासणी आधी होते, कागदपत्रे मागाहून पूर्ण केली जातात, आणि मधली रक्कम देणगी निधीतून वळती केली जाते. तपासणी केव्हा करावयाची हे मात्र डॉक्टरच ठरवितात. अचानक झालेल्या इजेत स्नायूंच्या तपासणीचे काही दोष तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उमटतात, त्यामुळे कधीकधी थांबण्यासही वैद्यकीय कारण असते. कार्यालयाची सोय हे कारण असू नये, एवढेच.

प्रत्येक मुंगी कोपरातली नसते

व्यायाम करतो म्हणून मुंग्या व्यायामाच्याच, असेही धरून चालू नये. मानेच्या मणक्यांपाशी तंतूचे मूळ दबले तर मान वळविताच किंवा मागे टाकताच हातात कळ उतरते. कॉलरचे हाड आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून हाताचे सारे तंतू व रक्तवाहिन्या जातात. खांद्याचे स्नायू फार भरले किंवा खांदे सतत ओढलेले राहिले तर तेथेही अडचण होते आणि हात डोक्यावर नेताच तो जड पडतो. दोन्ही हातापायांना सारख्याच मुंग्या येत असतील तर मधुमेह, थायरॉइडचे विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव तपासावी लागते. शुद्ध शाकाहारी घरांत ही उणीव आढळते, आणि तेव्हा इंजेक्शनांचा उपयोगही होतो. मात्र एकाच हाताच्या दोनच बोटांना मुंग्या येत असता तीच इंजेक्शने महिनोन्महिने घेत राहणे म्हणजे एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्यात पैसे भरून मिटविण्याचा प्रयत्न होय.

आणखी एक कारण आम्ही मुद्दाम लिहितो, कारण ते ऐकताच नातेवाईक घाबरतात. डॉक्टर कोपरामागील तंतू बोटांखाली चाचपून तो जाड झाला आहे का हे पाहतात आणि अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का असे विचारतात. कुष्ठरोगाचा जंतू जे तंतू पकडतो त्यांत अल्नर हा प्रमुख आहे, आणि त्या रोगातही करंगळीच प्रथम बधिर होते. देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण २००५ च्या अखेरीस दहा हजारी एकाहून खाली आले, पण रोग संपलेला नाही. त्यावरील बहुविध औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि त्यांनी रोग पूर्ण बरा होतो. वेळेवर ओळखला तर हाताला व्यंगही येत नाही. तेव्हा या प्रश्नाने कोणी अपमान मानू नये. तो प्रत्येकालाच विचारला जातो, आणि विचारलाच पाहिजे.

काही लक्षणांत मात्र बाह्यरुग्ण विभागाची वेळ पाहत थांबू नये. डाव्या हातात मुंग्या व जडपणा आणि त्यासोबत छातीत आवळल्यासारखे होणे, घाम फुटणे ही हृदयविकाराची चिन्हे असू शकतात. एका बाजूचा हात अचानक लुळा पडून तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे हा पक्षाघात होय, आणि गुठळी विरघळविण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. वजन उचलणाऱ्या तरुणाचा एक हात जर एकाएकी सुजला, निळसर झाला, तर खांद्यापाशी शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. हे क्वचित घडते, पण घडते ते धडधाकट तरुणांतच, म्हणून लिहिले.

पदक न मिळणारे वेटलिफ्टर

व्यायामशाळेबाहेरही आपल्या भागात वजन उचलणारे पुष्कळ आहेत. सांगलीच्या हळद बाजारात खांद्यावर पोती वाहणारे हमाल, गळिताच्या हंगामात उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीत चढविणारे तोडणी कामगार, यांचा सराव वर्षानुवर्षे चालतो आणि त्याला विश्रांतीचा दिवस ठरलेला नसतो. पोत्याचा भार मान व खांदा यांच्या कोनात पडतो, म्हणजे नेमका तंतूंच्या जाळ्यावर. राज्यात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्यामागील चळवळीचे नेते कै. अण्णासाहेब पाटील हे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे. त्या कायद्याने मजुरी व संरक्षण यांची चौकट दिली, पण हाताला मुंग्या येतात म्हणून एक दिवस घरी बसणे हमालास आजही परवडत नाही. खेळाडूस डॉक्टर सहज सांगतात की सहा आठवडे भार कमी करा. हमालास हेच सांगताना त्यांनाही शब्द शोधावे लागतात. आम्ही अशा रुग्णांसाठी फिजिओथेरपीची वेळ पहाटे बाजार उघडण्यापूर्वी ठेवून पाहिली. ती वेळ त्यांना सोयीची पडते असे दिसते.

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते आणि खाटांपैकी दहा टक्के निर्धनांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. खाटेचा हिशेब त्यात स्पष्ट आहे. परंतु मुंग्या येणाऱ्या हाताच्या रुग्णास खाट लागतच नाही. त्याला एक तपासणी, फिजिओथेरपीच्या पंधरा-वीस बैठका आणि बुडालेली मजुरी सोसण्याचे बळ लागते. देणगीदार पुष्कळदा विचारतात की आपल्या नावाची खाट किंवा खोली करता येईल काय. अवश्य करता येईल. पण या वीस बैठकांवर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, आणि देणगी निधीतून त्यांच्यासाठी रक्कम काढताना आम्हास दरवर्षी ओढाताण करावी लागते.

उपचाराविषयी थोडेच लिहिणे पुरे. लवकर आलेल्या सौम्य रुग्णांपैकी अनेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. कोपर पूर्ण वाकविणारे प्रकार काही आठवडे बंद ठेवावे लागतात, परंतु पायांचे व कमरेचे व्यायाम बहुतेकांना चालू ठेवता येतात. सराव साफ बंद होत नाही हे कळले की तरुण लपवाछपवी करीत नाहीत, हा आमचा अनुभव. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून बांधला की झोपेत ते वाकत नाही. या बिनखर्चाच्या उपायाने किती जणांची झोप परत आली याची नोंद आम्ही ठेवली नाही, ठेवावयास हवी होती. दांडी पकडण्याची पद्धत, मनगटाची ठेवण, खांद्याच्या पाठीमागील स्नायूंची ताकद हे सारे फिजिओथेरपिस्ट पाहतात आणि परतीची सुरुवात नुसत्या दांडीने, म्हणजे पुरुषांस २० व स्त्रियांस १५ किलोंनी होते. स्नायू सुकू लागला असेल, किंवा पुरेसा काळ देऊनही सुधारणा नसेल, तर शस्त्रक्रिया करून तंतूवरील आवरण मोकळे करतात, आणि गरज पडल्यास तो तंतू कोपराच्या पुढील बाजूस आणून ठेवतात.

त्या तरुणाची शस्त्रक्रिया झाली. निवड चाचणी हुकली. मुंग्या पहिल्या काही आठवड्यांतच कमी झाल्या, पकड मात्र हिशेबाप्रमाणेच आली, अकराव्या महिन्याच्या सुमारास. अंगठा व तर्जनी यांच्यामधील मांसल भाग पूर्वीसारखा भरून आलेला नाही आणि तो पूर्ण भरेल असे डॉक्टर म्हणत नाहीत. मागील भेटीत त्याने आमच्या टेबलावरील कागद चिमटीत धरून दाखविला. आम्ही ओढला, तो सुटला, पण एकदम नाही. तो आता गावातील मुलांना वजन उचलण्यास शिकवितो, आणि कोणाच्या करंगळीला मुंग्या आल्या तर त्याच आठवड्यात आमच्याकडे घेऊन येतो.